अंजायना आणि नायट्रेट औषधे: जिभेखालची गोळी कधी, कशी आणि किती?

हृदयविकाराच्या रुग्णाला मिळालेल्या औषधांच्या चिठ्ठीत एक गोळी अशी असते, जी रोज घ्यायची नसते. तिच्यापुढे डॉक्टरांनी एवढेच लिहिलेले असते : ‘छातीत दुखल्यास जिभेखाली ठेवणे’. दवाखान्यात हे सोपे वाटते. प्रश्न पडतात ते नंतर, घरी, बहुधा अवेळी. हे दुखणे हृदयाचे आहे की अ‍ॅसिडिटीचे? एक गोळी घेतली, फरक नाही, दुसरी घ्यावी का? किती वेळ थांबावे? आधीच रक्तदाब कमी असेल तर?

या प्रश्नांची उत्तरे दुखणे सुरू होण्याआधी माहीत असायला हवीत, रुग्णालाही आणि घरातल्या माणसांनाही. सर्वांत महत्त्वाची गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. नायट्रेट औषध दुखणे थांबवते, पण रक्तवाहिनीतला अडथळा काढत नाही. म्हणून ही गोळी नेहमी घड्याळाकडे बघून घ्यायची असते. ठरावीक वेळेत आराम पडला नाही, तर पुढचा उपाय घरात नसतो, रुग्णालयात असतो.

अंजायना म्हणजे काय?

हृदय हा एक स्नायू आहे. त्यालाही काम करण्यासाठी रक्तातून प्राणवायू लागतो आणि तो हृदयधमन्यांमधून (कोरोनरी आर्टरी) पोहोचतो. या धमन्या आतून चरबीच्या थरांनी अरुंद झाल्या, की विश्रांतीच्या वेळी पुरेसे रक्त मिळते. पण जिना चढताना, चढावर चालताना, भरपेट जेवणानंतर, थंडीत किंवा रागाच्या भरात हृदयाची गरज वाढते आणि पुरवठा कमी पडतो. तेव्हा छातीत जे दुखते, त्याला अंजायना किंवा हृदयशूल म्हणतात.

बरेच रुग्ण याला ‘दुखणे’ म्हणतच नाहीत. छातीवर ओझे ठेवल्यासारखे वाटते, आवळल्यासारखे, जळजळल्यासारखे किंवा कोंडल्यासारखे वाटते. ही भावना डाव्या किंवा दोन्ही हातांत, खांद्यात, मानेत, जबड्यात किंवा पाठीत जाऊ शकते. स्त्रिया, मधुमेही आणि वयस्कर व्यक्ती यांच्यात छातीत दुखण्याऐवजी नुसती धाप लागणे, घाम फुटणे, मळमळणे किंवा एकदम गळून गेल्यासारखे वाटणे एवढेच लक्षण असू शकते.

ठरावीक श्रमानंतर येणारा आणि थांबल्यावर काही मिनिटांत जाणारा त्रास म्हणजे स्थिर अंजायना. नायट्रेटची गोळी जवळ ठेवायला सांगितली जाते ती मुख्यतः यासाठी.

नायट्रेट शरीरात काय करते?

नायट्रेटपासून शरीरात नायट्रिक ऑक्साइड हा वायू अत्यल्प प्रमाणात तयार होतो. तो रक्तवाहिन्यांच्या भिंतीतला स्नायू सैल करतो. याचे दोन फायदे होतात :

- शरीरातल्या शिरा (नीला) सैलावतात, त्यामुळे हृदयाकडे परत येणारे रक्त थोडे कमी होते. हृदयावरचा भार हलका होतो आणि त्याची प्राणवायूची गरज घटते. आराम पडण्याचे हे मुख्य कारण आहे.
- हृदयधमन्याही काहीशा रुंदावतात आणि स्नायूला मिळणारे रक्त वाढते. धमनी आखडल्यामुळे (स्पॅझम) होणाऱ्या अंजायनात याचा विशेष उपयोग होतो.

हे औषध जुने आहे. नायट्रोग्लिसरीन १८४७ मध्ये इटलीतील रसायनशास्त्रज्ञ अस्कानिओ सोब्रेरो यांनी तयार केले. थोडेसे चाखले तरी डोके भयंकर ठणकते, हे त्यांच्याच लक्षात आले होते. १८६७ मध्ये आल्फ्रेड नोबेल यांनी त्यापासून डायनामाइट बनवले आणि १८७९ मध्ये लंडनचे डॉक्टर विल्यम मरेल यांनी अंजायनाच्या रुग्णांना ते दिल्याचे अनुभव प्रसिद्ध केले. ते नेमके कसे काम करते याचा उलगडा व्हायला मात्र आणखी जवळपास शंभर वर्षे लागली. नायट्रिक ऑक्साइडवरील या संशोधनाला १९९८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आणि हो, औषधाची गोळी फुटत किंवा पेट घेत नाही. तिच्यातले प्रमाण अगदी सूक्ष्म असते.

कोणकोणते प्रकार असतात?

- जिभेखालची गोळी : आपल्याकडे आयसोसॉर्बाइड डायनायट्रेटची ५ मिलिग्रॅमची गोळी जास्त वापरली जाते. ‘सॉर्बिट्रेट’ हे तिचे ब्रँडचे नाव लोकांच्या तोंडी बसले आहे. काहींना नायट्रोग्लिसरीनची गोळी दिली जाते.
- स्प्रे : नायट्रोग्लिसरीनचा फवारा जिभेखाली किंवा जिभेवर मारतात. तोंड कोरडे पडणाऱ्यांना किंवा बोटे थरथरणाऱ्यांना तो सोयीचा पडतो.
- रोज गिळायच्या गोळ्या : आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट, तसेच नायट्रोग्लिसरीनच्या सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या. या त्रास होऊ नये म्हणून असतात. त्रास सुरू झाल्यावर त्यांचा उपयोग नाही.
- त्वचेवर लावायचा पॅच : यातून औषध हळूहळू शरीरात जाते.

जिभेखालीच का ठेवायची? गिळलेले औषध आधी यकृतात जाते आणि तिथे त्याचा मोठा भाग निकामी होतो. जिभेखालच्या पातळ आवरणातून ते थेट रक्तात उतरते. म्हणून काही मिनिटांतच परिणाम दिसतो.

तुमच्याकडे या प्रकारांपैकी दोन असतील, तर कोणती गोळी ‘रोजची’ आणि कोणती ‘वेळेची’ हे आजच वेगवेगळ्या डब्यांवर मोठ्या अक्षरांत मराठीत लिहून ठेवा. घाईत चुकीची गोळी उचलली जाणे ही नेहमी घडणारी चूक आहे.

छातीत दुखू लागल्यावर काय करावे?

१. हातातले काम लगेच थांबवा आणि बसा. उभ्याने गोळी घेतल्यास रक्तदाब एकदम उतरून पडण्याचा धोका असतो.

२. घड्याळात वेळ बघा. शक्य असल्यास घरातल्या कोणाला तरी हाक मारा.

३. एक गोळी जिभेखाली ठेवा आणि विरघळू द्या. गिळू नका, वर पाणी पिऊ नका. तोंड कोरडे असेल तर गोळी ठेवण्याआधी एक घोट पाणी घ्या. स्प्रे असेल तर एक फवारा मारा. तो श्वासाबरोबर आत ओढू नका.

४. ५ मिनिटे थांबा. त्रास पूर्ण गेला तर आणखी थोडा वेळ बसून राहा, मग सावकाश उठा.

५. ५ मिनिटांनंतरही त्रास कमी झाला नसेल किंवा वाढत असेल, तर १०८ ला फोन करा. महाराष्ट्रात आणि गोव्यात रुग्णवाहिकेसाठी हा क्रमांक आहे. देशात कुठेही ११२ वरून मदत मागता येते. फोन झाल्यावर, चक्कर येत नसेल तर, दुसरी गोळी ठेवा.

६. आणखी ५ मिनिटांनी गरज वाटल्यास तिसरी घेता येते. त्यापुढे घरी गोळी घेऊ नका.

पहिल्या गोळीने बराच आराम पडला, पण थोडे दुखणे उरले, असेही होते. अशा वेळी स्थिर अंजायनाच्या जुन्या रुग्णांना पाच-पाच मिनिटांच्या अंतराने एकूण तीन गोळ्यांपर्यंत घ्यायला सांगितलेले असते. तीन गोळ्यांनंतरही त्रास उरला तर रुग्णालय गाठायचेच. तुमच्या डॉक्टरांनी तुमच्यासाठी वेगळा क्रम लिहून दिला असेल, तर तोच पाळा.

स्वतः स्कूटर किंवा गाडी चालवत रुग्णालयात जाऊ नका. अ‍ॅस्पिरिन चावून खाण्याची सूचना तुम्हाला आधी दिलेली असेल किंवा फोनवर दिली गेली, आणि तुम्हाला त्याची अ‍ॅलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल, तर ती पाळा.

गोळीने आराम पडण्याची वाट केव्हा पाहू नये?

पुढील परिस्थितीत आधी रुग्णवाहिका बोलवा :

- विश्रांती घेत असताना किंवा झोपेतून जागे करणारा त्रास झाला
- नेहमीपेक्षा जास्त तीव्र किंवा वेगळ्या प्रकारचे दुखणे
- सोबत दरदरून घाम, धाप, उलटी, चक्कर किंवा शुद्ध हरपणे
- आयुष्यात पहिल्यांदाच असे दुखत आहे

आणि पुढील बदल दिसले तर, आत्ता दुखत नसले तरी, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा : पूर्वी तीन मजले चढल्यावर होणारा त्रास आता एका मजल्यावर होतो, आठवड्यातून एखादी लागणारी गोळी आता रोज लागते, एका गोळीऐवजी दोन लागतात. याला अस्थिर अंजायना म्हणतात आणि ती हार्ट अटॅकची पूर्वसूचना असू शकते. म्हणूनच प्रत्येक गोळीची नोंद ठेवा. कॅलेंडरवर तारीख, वेळ, काय करत होतात आणि किती मिनिटांत आराम पडला, एवढे पुरेसे आहे. पुढच्या भेटीत डॉक्टरांना ही नोंद फार उपयोगी पडते.

त्रास होण्याआधीच गोळी घेता येते का?

हो, आणि अनेक रुग्णांना हे माहीतच नसते. एखाद्या ठरावीक श्रमाने तुम्हाला हमखास त्रास होत असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने आधी गोळी घेता येते. नायट्रोग्लिसरीन ५ ते १० मिनिटे आधी, तर आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट साधारण १५ मिनिटे आधी घेतात. लिफ्ट बंद असताना चौथ्या मजल्यावर जायचे आहे, देवळाच्या पायऱ्या चढायच्या आहेत, थंडीत पहाटे एसटी गाठायची आहे, असे प्रसंग डॉक्टरांना नेमके सांगा. मात्र याचा अर्थ गोळी घेऊन वाटेल तेवढे श्रम करावेत असा नाही. दम लागला की थांबायचेच.

रोजच्या नायट्रेटला ‘सुट्टी’ का लागते?

रोजची गोळी असलेल्या रुग्णांचा नेहमीचा प्रश्न : दिवसातून दोनदा घ्यायची, मग सकाळी आठ आणि दुपारी तीन अशी विचित्र वेळ का? रात्री आठ का नाही?

कारण असे, की शरीराला नायट्रेटची लवकर सवय होते. चोवीस तास औषध रक्तात राहिले, तर त्याचा परिणाम ओसरू लागतो. पूर्वी स्फोटकांच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांना हा अनुभव येई. सोमवारी कामावर आले, की नायट्रोग्लिसरीनच्या संपर्काने डोके दुखे. आठवडा सरता सरता सवय होऊन ते थांबे. रविवारच्या सुट्टीत ती सवय मोडे आणि सोमवारी पुन्हा डोकेदुखी सुरू.

औषधाची हीच सवय मोडण्यासाठी दिवसातले साधारण १० ते १४ तास नायट्रेटविना ठेवतात, बहुधा रात्रीचे. म्हणून :

- साध्या मोनोनायट्रेटच्या दोन गोळ्यांत सुमारे ७ तासांचे अंतर ठेवतात.
- सावकाश विरघळणारी मोनोनायट्रेटची गोळी साधारणपणे सकाळी एकदाच असते. ती कुटून किंवा चावून खाऊ नका.
- पॅच १२ तासांच्या आसपास ठेवून रात्री काढतात. रोज जागा बदला आणि नवा लावताना जुना काढला आहे ना, हे तपासा. एमआरआयच्या आधी पॅच लावला असल्याचे सांगा.

सकाळची गोळी विसरलात म्हणून रात्री दोन घेऊ नका. रात्रीच्या ‘सुट्टीत’ त्रास होऊ लागला, तर वेळ स्वतः बदलू नका; डॉक्टर जोडीला दुसरे औषध देऊ शकतात. रोजची गोळी एकदम बंद केल्यानेही अंजायना उसळू शकते.

कोणत्या औषधांबरोबर नायट्रेट घेऊच नये?

हा भाग संकोच न करता वाचा. लैंगिक दुर्बलतेसाठी घेतली जाणारी सिल्डेनाफिल (व्हायग्रा व तत्सम), व्हार्डेनाफिल आणि टाडालाफिल ही औषधे नायट्रेटबरोबर घेतल्यास रक्तदाब इतका कोसळू शकतो, की जीव जाऊ शकतो. सिल्डेनाफिल किंवा व्हार्डेनाफिल घेतल्यावर किमान २४ तास आणि टाडालाफिल घेतल्यावर किमान ४८ तास नायट्रेट घेता येत नाही. या काळात छातीत दुखले तर गोळी न घेता थेट रुग्णालयात जा आणि तिथे पहिल्यांदा हेच सांगा. रोजचे नायट्रेट सुरू असेल, तर ही औषधे घेऊच नयेत.

टाडालाफिल प्रोस्टेटच्या त्रासासाठीही देतात, तर सिल्डेनाफिल आणि टाडालाफिल फुप्फुसातील वाढलेल्या रक्तदाबासाठीही देतात. त्यामुळे ‘मी तसली औषधे घेत नाही’ असे म्हणण्याआधी गोळीचे नाव तपासा. ‘शक्तिवर्धक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही चूर्णांत आणि कॅप्सूलमध्ये सिल्डेनाफिल लपवून मिसळलेले आढळले आहे, हेही लक्षात असू द्या.

याशिवाय रक्तदाब फार कमी असणे, महाधमनीची झडप खूप अरुंद असणे, हृदयाचा स्नायू जाड होऊन रक्ताचा मार्ग अडणे, तीव्र रक्तक्षय, डोक्याला नुकतीच झालेली गंभीर इजा, यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. मद्यपानाने रक्तदाब आणखी उतरतो, म्हणून नायट्रेट आणि दारू यांची संगत टाळावी.

दुष्परिणाम कोणते?

सर्वांत जास्त आढळते ती डोकेदुखी. डोक्यातल्या रक्तवाहिन्याही रुंदावतात म्हणून ती होते. रोजची गोळी सुरू केल्यावर पहिले काही दिवस ती जास्त जाणवते आणि बहुतेकांत हळूहळू कमी होते. पॅरासिटामॉल चालते, इतर वेदनाशामक गोळ्या हृदयरुग्णाने मनाने घेऊ नयेत. डोकेदुखीला कंटाळून औषध परस्पर बंद करू नका, मात्रा कमी करून मार्ग निघतो.

चक्कर, चेहरा लालसर व गरम होणे, छातीत धडधड हेही होऊ शकते. गोळीनंतर भोवळ आली तर आडवे व्हा आणि पाय उशीवर उंच ठेवा. जिभेखाली थोडे चुरचुरले किंवा नाही चुरचुरले, यावरून गोळी चांगली की खराब हे ठरत नाही.

गोळी कशी आणि कुठे ठेवावी?

- आयसोसॉर्बाइडची गोळी वापरायच्या क्षणापर्यंत पाकिटातच ठेवा. औषधाच्या दुकानातून पट्टी कापून घेतली, की मुदतीची तारीख बऱ्याचदा कापलेल्या भागावर राहते. पूर्ण पट्टी घ्या किंवा तारीख लिहून घ्या.
- नायट्रोग्लिसरीनच्या गोळ्या मूळ काचेच्या बाटलीत, झाकण घट्ट लावून ठेवा. प्लास्टिकच्या डबीत किंवा कापसात औषध उडून जाते. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहा. उघडल्यावर किती दिवसांत बदलायची ते औषधविक्रेत्याला विचारा.
- उन्हात उभी असलेली गाडी, गॅसजवळचे कपाट आणि दमट न्हाणीघर या जागा टाळा.
- कुलूपबंद कपाटातली गोळी कामाची नाही. एक पलंगाजवळ, एक बाहेर जाताना सोबत, आणि दोन्ही कुठे आहेत हे घरच्यांना माहीत, अशी व्यवस्था ठेवा. लहान मुलांचा हात मात्र पोहोचू नये.

नेहमीचे गैरसमज

*‘गोळीने बरे वाटले, म्हणजे दुखणे हृदयाचेच होते.’* असे नाही. अन्ननलिकेचा स्नायू आखडल्याने होणारे दुखणेही नायट्रेटने थांबू शकते. उलट, गोळीने फरक पडला नाही म्हणून ती अ‍ॅसिडिटीच, हा निष्कर्ष तर जिवावर बेतू शकतो. हार्ट अटॅकचे दुखणे नायट्रेटने बरेचदा थांबत नाही. सोडा किंवा अँटासिड घेऊन तासभर वाट पाहण्यात हृदयाचा स्नायू कायमचा मरत असतो.

*‘ही गोळी घेतली की अटॅक टळतो.’* नायट्रेट त्रास कमी करते. अटॅक टाळण्याचे आणि आयुष्य वाढवण्याचे काम अ‍ॅस्पिरिन, कोलेस्टेरॉलची गोळी, रक्तदाब व मधुमेहावरचे नियंत्रण आणि तंबाखू सोडणे यांचे आहे. दुखत नाही म्हणून ती औषधे थांबवू नका.

*‘शेजाऱ्यांच्या छातीत दुखतेय, आपली एक गोळी देऊ या.’* देऊ नका. काही हार्ट अटॅकमध्ये हृदयाच्या उजव्या बाजूला इजा झालेली असते. अशा वेळी नायट्रेटने रक्तदाब धोकादायक रीतीने कोसळतो, आणि ते ईसीजीशिवाय कळत नाही. त्यांना बसवा, १०८ ला फोन करा.

*‘गोळीची सवय लागेल, म्हणून सहन करतो.’* वेळेला जिभेखाली घेतलेल्या गोळीचे व्यसन लागत नाही. दुखणे सहन केल्याने हृदय बळकट होत नाही.

घरच्यांसाठी

रुग्ण बहुधा म्हणतो, ‘काही नाही, होईल कमी.’ घड्याळ तुम्ही बघा. पाच मिनिटे झाली आणि चेहरा मोकळा झाला नाही, तर त्यांची परवानगी न मागता फोन करा. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात गोळी किंवा पाणी घालू नका. श्वास नीट चालत नसेल तर छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी जोरात, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाब द्यायला सुरुवात करा आणि मदत येईपर्यंत थांबू नका. चालू औषधांची यादी आणि शेवटचा ईसीजी एका पिशवीत तयार ठेवा, आणि किती वाजता किती गोळ्या दिल्या ते रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांना सांगा.

आज हा लेख वाचून झाल्यावर एक काम करा. ती गोळी शोधून काढा, मुदत तपासा आणि तिच्या डबीवर तीन गोष्टी लिहा : ‘बसा. ५ मिनिटे. १०८.’

(ही माहिती सर्वसाधारण स्वरूपाची आहे. औषधाची मात्रा आणि वेळ तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरवा.)